पुण्याहून अंतर

किल्ल्यांवरची आणि डोंगरचढाईवरची मराठी पुस्तकं मी गेली वीस वर्षं वाचतो आहे. चढतो म्हटलं नाही, वाचतो म्हटलं, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल. काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्या माणसाला कडे-कपारी छापील स्वरूपातच परवडतात. पण परवा आमच्या चिरंजीवाने (वय वर्षं तेरा) असंच एक पुस्तक मिटलं आणि विचारलं, "बाबा, आपण चुकीच्या जिल्ह्यात राहतो का?" तेव्हा वाटलं, आता या पुस्तकांचा हिशेब एकदा तपासायला हवा. बी.कॉम. झालेल्या माणसाने साहित्यसमीक्षा करू नये असा कुठे नियम नाही.

पहिला आक्षेप पहिल्याच ओळीवर. प्रत्येक किल्ल्याच्या माहितीत एक नोंद ठरलेली असते: 'पुण्याहून अंतर'. फार उदार लेखक असला तर 'मुंबईहून अंतर' असंही देतो. म्हणजे महाराष्ट्रातला माणूस घरातून निघतो तो या दोनच घरांतून! 'पहाटेची कर्जत लोकल पकडावी, दुपारी गडावर, रात्री जेवायला घरी', हे वाक्य आमच्या वाशिममध्ये वाचून बघा. पहाटेची एस.टी. पकडली तर दुपारी आम्ही अकोल्यात उसाचा रस पीत असतो. राजगडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत रजा संपते आणि तिथूनच साहेबांना फोन करावा लागतो.

दुसरी नोंद 'उंची'. ती समुद्रसपाटीपासून. आता समुद्र आमच्यापासून चार-साडेचारशे किलोमीटर लांब. त्याचा-आमचा व्यवहार काय? उलट वाशिम गावच मुळी समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीवर बसलेलं आहे. म्हणजे मी सकाळी दुधाची पिशवी आणायला जातो तेव्हाच माझ्या खात्यात अर्धा किलोमीटर जमा असतो. आरंभीची शिल्लक न बघता उंची लिहिणं याला आमच्याकडे चुकीचा ताळेबंद म्हणतात. माणसाला किती चढावं लागेल ते सांगा. समुद्राला किती चढावं लागेल ते समुद्र बघून घेईल.

तिसरी नोंद 'उत्तम काळ : ऑक्टोबर ते फेब्रुवारी'. ही खरी आहे आणि तीच जास्त छळते. कारण तो काळ डोंगराला उत्तम असला तरी बँकेला कसा असतो? नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले. एकेका आजोबांची हयाती तपासता तपासता माझी कमी होत जाते. डिसेंबर-जानेवारीत कापसाचा, तुरीचा पैसा आणि पीककर्जाच्या वसुलीचे तगादे. फेब्रुवारीत मार्चची भीती, मार्चमध्ये मार्च. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला, हे देवाचे उपकार. पण त्यातला एक शनिवार सौ.च्या यादीत जमा असतो. उरला एक. त्या एका शनिवारी, नाहीतर रविवारी, घरापासून जवळ, चांगल्या हवेत, संध्याकाळी परत येता येईल असा चढ कुठे आहे? या प्रश्नाला शोधून उत्तर मिळत नाही. हवा 'आल्हाददायक' असते, एवढंच.

अहो, पण कुठल्या वेळी? थंडीत सगळा दिवस सारखा नसतो. सकाळी वाळलेल्या गवतावर दव असतं आणि मुरमाड उतारावर पाय सरकला की माणूस बसतो तो थेट पायथ्याशी. जानेवारीतसुद्धा अकरानंतर काळा कातळ तव्यासारखा तापू लागतो. कुठली बाजू सकाळी सावलीत आणि कुठली दुपारी, हे एका ओळीचं काम आहे. शिवाय आमचा सूर्य पुण्यापेक्षा पंधराएक मिनिटं आधी मावळतो. भूगोलच तसा आहे. डिसेंबरात सहाच्या आत त्याचं कामकाज बंद. पुण्याच्या घड्याळावर सूर्यास्त बघत बसलेला वाशिमकर अंधारात काट्यांतून उतरतो. आणि जिथे ही एक ओळ यायची तिथे काय असतं, तर 'रौद्र', 'बेलाग', 'राकट', 'ऊर भरून येतो'. विशेषणांचा नुसता ओव्हरड्राफ्ट!

गो. नी. दांडेकरांना यातून वगळतो. त्यांच्या पुस्तकात पायाखालचा दगडसुद्धा ओळखीचा होतो. पण गंमत बघा, राजगडावर जीव टाकणारा हा माणूस जन्मला १९१६ साली परतवाड्यात! समोर सातपुडा, वर गाविलगड. म्हणजे दुर्गप्रेमाचं बियाणं वऱ्हाडचं, पीक मावळात. आमच्या शेतमालाचं नेहमी असंच होतं.

आमच्या डोंगरांवर थंडीच्या चढाईचा चोख अहवाल कुणी लिहिला म्हणाल तर तो शत्रूने. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. त्याच्या फौजेने उत्तरेकडून, डोंगरातून, जड तोफा माणसांच्या हातांनी ओढत नेल्या. वाट नव्हतीच, ती आधी करावी लागली आणि मग चालावी लागली. १५ डिसेंबरला शिड्या लावून किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह. अडगाव ते गाविलगड सोळा दिवस! आपल्या माणसांच्या रक्ताची ही गोष्ट वाचताना गळ्याशी येतं. पण रस्ता कुठून, वेळ किती, ओझं कसं, हे तो माणूस सांगतो, आणि आपली पुस्तकं गाविलगडाला शेवटच्या पानांत, 'इतर किल्ले' या अनाथाश्रमात ठेवतात. शेजारीच नरनाळा झोपलेला असतो. १४८७ सालचा तो कोरीव महाकाली दरवाजा मावळात असता तर त्याच्यावर चार पुस्तकं आणि एक नाटक झालं असतं.

आणि अपुरा वेळ ही काही फक्त कारकुनाची तक्रार नाही. पोलंडचे वेलित्स्की आणि चिखी भर थंडीत एव्हरेस्टवर पहिल्यांदा पोचले ते १७ फेब्रुवारी १९८० ला. परवान्याची मुदतवाढ मागून घेऊन, अगदी शेवटच्या दिवशी. मला तर ते दोघे आमच्या संघटनेचे सभासद वाटतात.

चिरंजीवाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून मग मीच नकाशा पुढे घेतला. नरनाळा अकोला-अकोटमार्गे दीडशे किलोमीटरच्या घरात, वर वनखात्याची परवानगी. एका दिवसात जमेल, पण धापा टाकत. माहूर, पुन्हा तीच कथा. आणि सगळ्यात जवळचा, अंगाला घाम आणणारा चढ निघाला तो कुठे? लोणारला. खड्ड्यात!

हसू नका. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही बापलेक रिसोडमार्गे गेलो. उल्का पडून झालेलं हे विवर, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आणि काठापासून तळ्यापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटर खोल. डोंगराला उलटा करून जमिनीत रोवावा तसं. पाणी? धारेला गोमुखातून बारमाही. देऊळ? वाटेत पाहिजे तितकी, खाली तळ्याकाठी कमळजादेवी. पुस्तकातले सगळे रकाने भरले. काठावरच्या चहावाल्याने विचारलं, "कुठी चालले भाऊ?" म्हटलं, चढायला. तो म्हणाला, "मंग खाली काऊन जाता?" या प्रश्नाला कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही.

उतरलो. खाऱ्या तळ्याचा उग्र वास आला. चिरंजीवाने नाक दाबून २०२० साली पाणी गुलाबी झालं होतं त्याची माहिती मला दिली. आणि नऊ वाजता चढायला लागलो तेव्हा कळलं, पूर्वेकडची आतली बाजू पूर्ण सावलीत होती. समोरचा पश्चिम काठ उन्हात भाजत होता आणि आमचा कातळ हाताला गार लागत होता. झाडीत मोर ओरडत होते. मी तीनदा बसलो. चौथ्यांदा बसलो तेव्हा चिरंजीव वरून खाली आला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि काही न बोलता पुढे चालू लागला. तेरा वर्षांत माझी पिशवी त्याने पहिल्यांदा घेतली.

घरी आल्यावर त्याने त्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने रकाने आखले. 'वाशिमहून अंतर' असं पहिलं लिहिलं. वेळ : सकाळी, पूर्वेची बाजू. उंचीपुढे त्याने उणे दीडशे लिहिलं. मी म्हटलं, उणे शिल्लक असली की अधिकाऱ्याची सही लागते. त्याने पेन्सिल माझ्यापुढे धरली.

नरनाळ्यासाठी पुढचं पान त्याने आखून ठेवलं आहे. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार ठरला आहे. त्या दिवशी शाखेत वसुलीचा मेळावा निघाला नाही, आणि सौ.ने यादी काढली नाही, तर.