स्त्रियांचे मासिक आणि त्याचा धनी

मासिकाचे परीक्षण म्हणजे त्यातील कथा-कवितांची पारख, अशी आपल्याकडे रूढी आहे. स्त्रियांच्या मासिकांपुरती तरी ती अपुरी आहे, असे आम्हांस वाटते. त्यांचा धनी कोण आणि धन्याचे मत फिरले असता मासिकास काय करता येते, हेही विचारावयास हवे.

रशियातील ‘राबोत्नित्सा’, म्हणजे ‘कामकरी स्त्री’, हे नियतकालिक या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. 1914 च्या महिलादिनी ते निघाले, तेव्हा झारच्या पोलिसांनी बहुतेक संपादिकांना आधीच पकडले होते. सात अंकांनंतर ते बंद पडले व 1917 साली पुन्हा निघाले. पुढे सत्ताधारी पक्षाचे मुखपत्र होऊन त्याने साक्षरता, पाळणाघरे, मजुरीचे हक्क हे विषय लाखो कामगार स्त्रियांपर्यंत नेले. हे कार्य लहान नव्हे. राजाश्रयावाचून ते झाले असते, असेही आम्हांस वाटत नाही.

परंतु आश्रयाची किंमत पुढे कळून आली. सोव्हिएत सरकारने 1920 साली गर्भपातास कायदेशीर मान्यता दिली. 1930 साली पक्षाचा स्त्री-विभाग गुंडाळला. 1936 साली गर्भपातावर बंदी घातली आणि 1955 साली ती उठविली. बंदीचा मसुदा लोकचर्चेसाठी प्रसिद्ध झाला व विरोधाची काही पत्रे वृत्तपत्रांत छापलीही गेली. कायदा मात्र झालाच. ज्या प्रश्नात वाचक स्त्रीचा देह गुंतलेला होता, त्याच प्रश्नावर तिच्या मासिकाला धन्याविरुद्ध उभे राहता येत नव्हते. झारच्या अमलात अटक सोसून निघालेल्या पत्राची ही अवस्था व्हावी, हे शोचनीय होय.

आपल्याकडे शंकरराव किर्लोस्करांनी 1930 साली ‘स्त्री’ मासिक काढले. तेथेही धनी कारखानदारच. मध्यमवर्गीय गृहिणीस या मासिकाने विचारास प्रवृत्त केले, याबद्दल त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण आमच्या नागपुरात 1877 पासून चाललेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरणीतील निरक्षर मजूर स्त्रीच्या हाती ते पडणे कठीणच होते. ‘राबोत्नित्सा’ने नेमकी तीच वाचक आपली मानली, हा तिचा मोठेपणा.

तरीही एक भेद उरतोच. किर्लोस्करांची सत्ता त्यांच्या पानांपुरती होती. ज्यास ते पटत नसे, त्यास दुसरे पत्र काढण्याची मुभा होती. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत, खटले व दंड सोसून, ‘समाजस्वास्थ्य’ पदरमोडीने चालविले आणि संततिनियमनाचा पुरस्कार केला. ‘स्त्री’च्या संपादिका राहिलेल्या विद्या बाळ यांनी 1989 साली ‘मिळून साऱ्याजणी’ हे स्वतंत्र मासिक काढले. दोघांच्याही पाठीशी सरकार नव्हते, आणि म्हणूनच दोघांना सरकारविरुद्ध बोलता आले.

मात्र निव्वळ स्वातंत्र्याचे गोडवे गाऊन भागणार नाही. कर्व्यांचे मासिक घरात ठेवण्यासही सुशिक्षित कुटुंबे कचरत असत. वर्गणीदार मूठभरच राहिले. स्वतंत्र मासिकास वाचकाने पोसले नाही, तर त्यास कोणा तरी धन्याचा उंबरठा झिजवावा लागतो. घरातील मुलीसुनांकरिता मासिक निवडताना छपाई व चित्रे पाहावीत; पण धन्यास न रुचणारा एखादा तरी लेख गेल्या वर्षभरात त्यात आला काय, हे आधी पाहावे. आला असेल, तर वर्गणी वेळेवर धाडावी.