दयेच्या रांगेत चोखोबा कशासाठी?

संतकवितेवरील आपल्याकडच्या समीक्षेत 'दया' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. देव पतितपावन आहे, न्यायनिवाडा त्याच्यावर सोपवावा, तो पाप्यालाही पदरात घेतो. अजामिळ तरला, वाल्या तरला, असे गणित मांडले जाते. प्रस्थापित समीक्षकांना या गणितात कुठे चूक दिसत नाही. माझा प्रश्न साधा आहे. या रांगेत चोखामेळा कोणत्या गुन्ह्यासाठी उभा आहे?

वाल्याने वाटसरू लुटले, मारले. चोखोबांनी काय केले? महाराच्या घरी जन्म घेतला. त्यांच्या नावावरील एका अभंगात या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेत शोधलेले आहे. दया मागायची तर आधी पाप कबूल करावे लागते, आणि पाप नसेल तर धर्मव्यवस्था ते मागच्या जन्मातून आणून देते! ज्यांनी त्यांना महाद्वाराबाहेर ठेवले त्यांच्यावर मात्र आरोपच नाही. त्यांना क्षमेची गरज कशाला? चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंतीखाली गाडले गेले. समाधी मिळाली ती महाद्वारासमोर. आत जाण्याचा हक्क त्यांच्या माणसांना १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर मिळाला. मध्ये सहाशेहून अधिक वर्षे गेली. एवढा काळ निवाडा देवाकडेच पडून होता.

म्हणून चोखोबांना मोडीत काढावे असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी १९४८ चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, हे विसरता येत नाही. देहाचे मूळच विटाळात असेल तर सोवळा कोण, असे विचारणारे चोखोबाही आहेतच. तिथे ते दया मागत नाहीत, निवाडा करतात. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर देवालाच आरोपी करतो. हीन जात तू दिलीस, उष्टे खाण्यात आमचा जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही, असा त्याचा सवाल आहे. हा नकार आमच्या कवितेच्या किती आधीचा! पण समीक्षकांना आवडते ते बापाचे दैन्य. त्याला ते 'आर्तता' म्हणतात.

बौद्ध परंपरेतला अंगुलिमाल वाल्याशेजारी ठेवून पाहावा. बुद्धाने त्या खुन्याला संघात घेतले. परंतु भिक्षेला गेल्यावर लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटे, भिक्षापात्र फुटे, आणि बुद्ध त्याला सांगतात, हे कर्माचे फळ आहे, सोस. येथे करुणा आहे, पण हिशेब रद्द झालेला नाही. शिवाय गुन्हा याच जन्मातला आहे, त्याच्या हातचा आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना मारले गेले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. त्या दिवसांविषयी बोलताना चिकलठाण्यात आलेली आमची म्हातारी माणसे अजून म्हणतात, "देव बघून घेईल त्यांना." बौद्ध होऊनही हे वाक्य तोंडातून गेलेले नाही. मी ते हसण्यावारी नेत नाही. साक्ष द्यायची तर गाव त्यांचे, विहीर त्यांची, मजुरीला जायचे तेही त्यांच्याच शेतावर. हे वाक्य श्रद्धेतून कमी आणि कोर्ट लांब असल्यामुळे जास्त येते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानेही ते कोर्ट सगळ्यांसाठी जवळ आणलेले नाही. चोखोबांपुढे तर कोणतेच कोर्ट नव्हते. अशा माणसाने देवापुढे टाकलेला अर्ज हा शरणागतीचा नमुना म्हणून वर्गात शिकवणे, त्यावर रसग्रहणे लिहिणे, हा मला समीक्षेचा अप्रामाणिकपणा वाटतो.

एम.आय.डी.सी.तली रात्रपाळी करून सकाळी तासाला बसणारी मुले माझ्यापुढे असतात. त्यांना मी आधी कर्ममेळा वाचायला देतो, मग चोखोबा. बापाचे अभंग मग वेगळे ऐकू येतात, असे मुलेच सांगतात. परीक्षेत मात्र प्रश्न येतो तो 'चोखोबांचा भक्तिभाव'. कर्ममेळ्याच्या वाट्याला पाच गुणांची टीपही येत नाही.