चव कुणी लिहायची?

पु. ल. देशपांड्यांचं 'माझे खाद्यजीवन' वाचून महाराष्ट्र मिटक्या मारतो. मारू द्या. आपल्या आत्मकथनांतल्या जेवणावर मात्र समीक्षकांकडे दोनच शब्द : दाहक आणि विदारक. त्यांना भूक दिसते. खाणाऱ्याला ते गोड लागलं होतं, हे दिसत नाही.

माझी आजी दात पडल्यावरही चान्यांचं नाव काढलं की जीभ टाळ्याला लावायची. निखाऱ्यावर टाकलेली चानी, सुटणारी चरबी, संगं जवारीची शिळी भाकर. पुढं पोराच्या पगारावर ताजं मटण खाल्लं तिनं, पण सांगायची ते चान्यांचंच. पोटभरल्याला दहावा घास आठवत नाही. उपाशाला पहिला घास मरेस्तोवर आठवतो.

'बलुतं'त (१९७८) दगडू सांगतो, दया पवार ऐकतो. जेवणाच्या आठवणीपुरती ही मांडणी मला फार खरी वाटते. जेवलेला एक, शरमलेला दुसरा. आणि लिहायला बसतो तो दुसरा. म्हणून आपल्या बऱ्याच लेखकांच्या हातून चव निसटते.

शाहू पाटोळ्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये (२०१५) मराठवाड्यातल्या महार-मांगांची चूल कृतीसकट मांडली. रक्ती, वजडी, येसूर. (त्याच साली राज्यात बैल कापायला बंदी आली, हेही ध्यानात ठेवा.) 'रुचिरा' (१९७०) घरोघर गेली, तिच्यात ही चूल नव्हती. कृती लिहायची तर मीठ कधी टाकायचं ते आठवावं लागतं, आणि ते आठवताना चव कबूल करावीच लागते. तिथं शरम टिकत नाही.

कुणी कार्यकर्ता विचारील, बाबासाहेबांनी १९२७ साली महाडात मेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, मग हे गोडवे कशाला? सवाल रास्त आहे. सोडायलाच पाहिजे होतं, आजीनंही सोडलं. ते सोडणं म्हणजे गावकीची लाचारी सोडणं होतं. त्यासाठी तिच्या जिभेवरची आठवण खोटी ठरवायची काय गरज?

बायांचं अजून वेगळं. त्या शेवटी जेवायच्या. कुणाच्या ताटात काय पडलं, ते त्यांना जास्त आठवतं. बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं', उर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) या अंगानं पुन्हा वाचायला हवं. दोस्तांनो, पुढच्या अंकासाठी कुणी लिहा. घरी आईला विचारा, तुला काय आवडायचं? काय मिळायचं ते विचारू नका, ते आपण सगळ्यांनी लिहून झालंय.