असईच्या दोन नद्या, नॉटिंगहॅमच्या टेबलावर

दिवाळीचा किल्ला म्हटला की अंगण, माती आणि दगडांवर पसरलेलं जुनं पोतं आलंच. इंग्लंडमध्ये त्या दिवसांत अंगणाचा चिखल झालेला असतो आणि घड्याळं एक तास मागे गेली की पाच वाजायच्या आत अंधार पडतो. म्हणून आपल्या मंडळातल्या घरांमध्ये किल्ला आत आला. आधी गॅरेजमध्ये, मग जेवणाच्या टेबलावर. मातीची जागा फोमने घेतली. हळीव मात्र तसेच राहिले. ते इथे क्रेस या नावाने बागेच्या दुकानात सहज मिळतात, आणि ओल्या फडक्यावर पेरले की तटाच्या पायथ्याशी पुण्यात उगवावेत तसेच हिरवेगार उगवतात.

टेबलावर आलेल्या या किल्ल्याला इथल्या एका जुन्या छंदाचा शेजार लाभला. नॉटिंगहॅम ही टेबलावर लढाया खेळणाऱ्यांची पंढरी आहे. गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथे, वॉरलॉर्ड गेम्स इथलीच, आणि धातूचे इवले सैनिक ओतणाऱ्या कंपन्या आसपास इतक्या की या पट्ट्याला ‘लेड बेल्ट’ म्हणतात. आपली मुलं शाळेतल्या मित्रांबरोबर तिथल्या क्लबांत जाऊ लागली आणि तिथली कारागिरी घरच्या किल्ल्यावर दिसू लागली. त्या कारागिरीतली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे नदी. आपण बुरुजांवर जीव ओततो, मावळे हौसेने मांडतो, पण पाण्याची वेळ आली की एक ताटली किंवा आरशाचा तुकडा ठेवून मोकळे होतो. या मुलांनी तसं केलं नाही, आणि त्याचं कौतुक इथे नोंदवून ठेवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

यंदा त्यांनी किल्ल्याच्या शेजारी एक लढाई मांडली. असई, 23 सप्टेंबर 1803. जालना जिल्ह्यातलं हे गाव इथल्या खेळाडूंना चांगलं ठाऊक आहे, कारण पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलस्ली इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला आणि त्याचे दीड हजारांवर लोक ठार-जखमी झाले. ही लढाई दोन नद्यांमधली आहे. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, आणि पूर्वेला दोघींचा संगम. मराठ्यांची कवायती पलटणं आणि तोफा केळणेच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून उभ्या होत्या. समोरून नदी ओलांडणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं. नदीला उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. पण दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावं अगदी समोरासमोर दिसली, आणि अशा दोन गावांमध्ये जा-ये असणार म्हणजे उतारही असणार, असं वेलस्लीने ताडलं. तो तिथून पलीकडे गेला आणि मराठ्यांच्या बगलेवर आला. तेव्हा मराठ्यांच्या पलटणांनी तोफांसह काटकोनात वळून केळणा ते जुई अशी नवी फळी धरली. भर लढाईत, शत्रू समोर असताना, इतक्या शिस्तीने फिरणं सोपं नसतं. महादजी शिंद्यांनी उभ्या केलेल्या कंपूंची ती तयारी होती. पण नद्यांमधली जागा साधारण मैलभराचीच, त्यामुळे मराठ्यांच्या मोठ्या घोडदळाला पसरायला वाव मिळाला नाही. टेबलावर या दोन नद्या चुकल्या तर असई उरतच नाही, नुसती रांगेत उभी केलेली माणसं उरतात.

नदीची रुंदी किती ठेवायची यावरच पहिली खडाजंगी झाली. टेबल सहा फूट बाय चार फूट. त्यावर दोन मैलांचं रान बसवायचं, तर एका इंचात पन्नास यार्ड मावायला हवेत. त्या हिशोबाने नदी इंचभराचीही होत नाही. पण सैनिक 15 मिलिमीटरचे आणि त्यांच्या तुकड्यांच्या तळपट्ट्या 40 मिलिमीटर रुंद. इंचभर पाण्यात तुकडी उभीच राहत नाही, मग ती नदी ओलांडते आहे की काठावर आहे हे कसं कळणार? म्हणून रुंदी नकाशावरून न काढता तळपट्टीवरून काढतात. मुलांनी तीन इंच धरली, आणि मला ते पटलं.

दुसरा प्रश्न उंचीचा. सपाट टेबलावर नदीची पट्टी नुसती ठेवली तर पाणी जमिनीच्या वर येतं आणि डोळ्याला ते लगेच खटकतं. उपाय असा की नदी खाली न्यायची नाही, रान वर उचलायचं. लाकडी फळ्यांवर इंचभर जाडीचा फोम चिकटवायचा आणि गरम तारेने त्यातून पात्र कापून काढायचं. दोन फुटी चौकोनी सहा फळ्या केल्या की हे सगळं एका गाडीत मावतं. मात्र नदी प्रत्येक फळीच्या कडेला एकाच जागी, एकाच रुंदीने बाहेर पडली पाहिजे. ही युक्ती फार जुनी आहे. प्रशियाच्या राइसविट्झने 1812 मध्ये राजाला दाखवलेलं युद्धखेळाचं टेबल अशाच मांडता-मोडता येणाऱ्या उठावदार तुकड्यांचं होतं.

बाजारात तयार नद्याही मिळतात. सरळ तुकडे, वळणं, संगम, पूल. घाई असेल तर खुशाल घ्याव्यात. पण त्या इंग्लंडच्या नद्या असतात, काठापर्यंत हिरवळ आणि निळसर पाणी. मंडळातल्या एक आजी भोकरदनकडच्या. मुलांनी रंगवलेला पहिला तुकडा त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाल्या, “बाळांनो, भादव्यात आमच्याकडचं पाणी असलं नसतं रे. गढूळ असतं, दुधाच्या चहासारखं.”

“मग आजी, तळ दिसतच नाही?”

“तळ कुठला दिसायला! पाय घातला तर पाय दिसत नाही.”

या एका वाक्याने खर्च आणि आठवड्यांचं काम वाचलं. स्वच्छ पाण्यासाठी दोन भागांचं एपॉक्सी रेझिन अचूक मापून पातळ थरांत ओतावं लागतं, फळीला पाणसळ लावावी लागते, प्रत्येक थर सुकायला दिवस जातो. गढूळ नदीला त्यातलं काहीच लागत नाही. पात्रात पांढरा गोंद आणि बारीक रेती, मग तपकिरी रंग. मधे गडद, काठाकडे फिका होत जाणारा. त्यावर अ‍ॅक्रिलिक जेल ब्रशच्या टोकाने टिपून हलक्या लाटा, आणि शेवटी चकचकीत वॉर्निशचे चार-पाच हात. गोंद-रेतीचा थर आधी हवाच, कारण स्प्रेचा रंग उघड्या फोमवर बसला तर त्यातला द्रावक फोम खाऊन टाकतो.

पिंपळगावचा उतार मी जवळून पाहिला. तिथे पात्राचा तळ रेतीने थोडा उचललेला आहे आणि पाण्याचा रंग एक छटा फिका. काही खडे पाण्याबाहेर डोकावतात आणि त्यांच्या खालच्या अंगाला पांढऱ्या रंगाची केसासारखी बारीक रेघ आहे. दोन्ही काठांवर दरड फोडून गाडीवाट उतरवली आहे आणि ओल्या काळ्या मातीत चाकोऱ्या उमटल्या आहेत. बारा वर्षांच्या मुलीने त्या काडीने ओढल्या. वळणांवरही तिने बाहेरचा काठ उभा कापला आणि आतल्या बाजूला रेती ठेवली. नदी बाहेरून खाते आणि आत टाकते, हे तिला शाळेच्या भूगोलात शिकवलं होतं.

काठांवर बाभळी अजून उण्या आहेत. इथे मिळणारी झाडं ओक आणि पाइनची, ती त्या रानात उपरी दिसतात. तारेचे पीळ देऊन, वर विरळ पालवी चिकटवून बाभूळ करता येईल, पण ती काठापासून किती अंतरावर, दरडीवर की खाली, हे पाहिल्याशिवाय करायचं नाही असं मुलांनी ठरवलं आहे. माती इथे आणता येत नाही, कायदा आड येतो. पण फोटो आणता येतात. मंडळातलं कुणी पावसाळ्याच्या अखेरीस भोकरदन-जाफराबादकडे जाणार असेल, तर केळणा आणि जुई दोन्हींचे काठ टिपून आणावेत. पाण्याचे फोटो पुरेसे आहेत. हवेत ते दरडीचे, गाडीवाटेचे आणि माणसं अजूनही जिथून पायी पलीकडे जात असतील त्या जागेचे.