शवपेटीतली गोष्ट

एकाने गोष्ट सांगायची आणि टेबलाभोवतीच्या बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, असा हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा खेळ. त्यातल्या ‘कर्स ऑफ स्ट्राड’ची खास आवृत्ती २०२० मध्ये निघाली. शवपेटीच्या आकाराचा डबा, आत पुस्तक, नकाशा, ५४ पत्ते, वर डझनभर पोस्टकार्डं. किंमत तेव्हा १०० डॉलरच्या घरात होती.

मूळ गोष्ट १९८३ ची, ‘रेवनलॉफ्ट’. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोनं लिहिलेली. पानं अवघी ३२! तिच्यात भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते, आणि कुठली वस्तू किल्ल्यात कुठे सापडणार, त्या रक्तपिपासू सरदाराच्या मनात काय आहे, हे पत्त्यांवर ठरतं. म्हणजे पुन्हा खेळलात तर गोष्ट वेगळी. आणि पत्ते कुठले? आपण रमी खेळतो तेच. खरी हुशारी ही. डब्यातले पत्ते देखणे आहेत, नाही कोण म्हणतं. पण काम तेच करतात. पोस्टकार्डांचं प्रयोजन तर मला कळलंच नाही बाई.

एक दुरुस्ती मात्र मोलाची. यातले भटके ‘विस्तानी’ २०१६ च्या पुस्तकात युरोपातल्या रोमा लोकांवरच्या जुन्याच शिक्क्यांनी रंगवले होते. दारुडे, लबाड वगैरे. ते चित्रण इथे बदललंय. आपल्याकडच्या पारध्यांना काय काय म्हटलं गेलं ते आठवा, म्हणजे या चार ओळींचं वजन कळेल. पण त्या ओळींना शवपेटी कशाला हवी होती?

भाचीला मी नुसतं पुस्तक घेऊन देणार आहे. पत्त्यांचा कॅट घरात आहेच.