नागमोडी रेषेचा घोटाळा

ध्वनितरंग शिकवताना आपली पाठ्यपुस्तके नागमोडी रेष काढतात आणि मुलाला वाटते, हवा सापासारखी वळवळत कानाशी येते. माझा आक्षेप रेषेला नाही, ती चित्र म्हणून खपवण्याला आहे. ती आलेख आहे. हवेचा दाब कुठे वाढला, कुठे घटला, याचा. कण जागच्या जागी पुढे-मागे हलतात; सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावते ते संपीडन आणि विरलन. म्हणून आधी लांब स्प्रिंगच्या एका वेढ्याला लाल दोरा बांधावा आणि तिचे टोक पुढे-मागे हलवावे. दोरा तिथेच झुलतो, धक्का पलीकडे पोचतो. रेष त्यानंतर. मी ती शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ कळेपर्यंत चाळिशी उलटली.