तरुण मनाचा विषाद आणि त्याचे मोजमाप

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायास 'अर्जुनविषादयोग' असे नाव आहे. एका कर्त्या पुरुषाचे हातपाय गळून जातात, तोंडास कोरड पडते, हातातले धनुष्य निसटते आणि ग्रंथास आरंभ होतो. हा ग्रंथ देवघरात ठेवणाऱ्या आपल्या सुशिक्षित कुटुंबांत सतरा वर्षांचा मुलगा महिनाभर पुस्तक उघडीनासा झाला, की त्याच्या स्थितीस मात्र आपण 'आळस', 'फाजील लाड' किंवा 'वयाचे खूळ' अशी नावे देतो. अर्जुनास निदान ऐकून घेणारा कोणी मिळाला होता.

तरुणांच्या या विषादाविषयी, म्हणजे ज्यास वैद्य 'डिप्रेशन' म्हणतात त्याविषयी, गेल्या वीसपंचवीस वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातील एका महत्त्वाच्या प्रयत्नाचे येथे परीक्षण करावयाचे आहे. वाङ्मयाच्या मासिकात हा विषय कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु प्रश्नावली हीही एक प्रकारची वाङ्मयकृतीच होय. कोणता प्रश्न विचारावा व कोणता गाळावा, हे ठरविताना तिच्या कर्त्याने मनुष्यस्वभावाविषयी एक मत बनविलेले असते; आणि मत आले म्हणजे टीका आलीच.

दक्षिण ब्राझीलमधील पेलोटास या शहरात 1993 साली रुग्णालयांत जन्मलेल्या 5249 बालकांची नोंद करून संशोधकांनी त्यांचा तारुण्यापर्यंत माग ठेविला. या सामग्रीवरून क्रिस्तियान कीलिंग, व्हॅलेरिया मोंडेली व त्यांचे सहकारी यांनी 'आयडिया' या नावाच्या प्रकल्पात एक मोजपट्टी तयार केली. पंधराव्या वर्षी मिळालेल्या माहितीवरून, अठराव्या वर्षी कोणास विषादाचा विकार जडण्याचा संभव अधिक, हे तिने सांगावे अशी अपेक्षा आहे. तिला ना रक्ताची तपासणी लागते, ना मेंदूचे छायाचित्र. ती केवळ अकरा गोष्टी विचारात घेते: मुलगा की मुलगी, कातडीचा वर्ण, मादक पदार्थांचे सेवन, शाळेतील अपयश, एकाकीपणा, मारामारीत सापडणे, घरातून पळून जाणे, आईशी संबंध, वडिलांशी संबंध, आईवडिलांचे परस्परांशी संबंध, आणि बालपणी झालेला छळ अथवा हेळसांड. पुढे याच पट्टीच्या आधारे पोर्तो आलेग्रे येथील शाळांतील 7720 विद्यार्थ्यांची चाळणी करून, कमी धोक्याची पन्नास, अधिक धोक्याची पन्नास आणि विकार जडलेली पन्नास अशी दीडशे मुले बारकाईच्या अभ्यासासाठी निवडण्यात आली.

ही यादी सावकाश वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. अकरांपैकी पाच कलमे सरळसरळ घराविषयी आहेत. आई, बाप, त्या दोघांतले नाते, घरातला छळ, आणि त्या घरातून पळून जाणे. पट्टीवर नाव मुलाचे लिहिले जाते. मापे मात्र पुष्कळशी घराची घेतली जातात. 'माझा मुलगा धोक्यात आहे काय?' असे विचारीत जो पिता हा कागद हाती घेईल, त्याला निम्म्या वाटेवर आपलीच परीक्षा चालली असल्याचे आढळेल. प्रस्तुत लेखकाच्या मते या संशोधनाचे खरे मोल येथेच आहे. आणि त्याची चर्चा करणाऱ्यांकडून बहुधा दुर्लक्षिली जाते तीही हीच गोष्ट. आपण मुलाला तपासावयास निघतो. घर तपासावयास कोणी निघत नाही.

आता या पट्टीच्या उणिवा पाहू. पुढे आजारी पडलेला एक तरुण आणि न पडलेला एक तरुण अशी जोडी घेतली, तर त्यातला अधिक धोक्याचा कोण हे पेलोटासच्या पट्टीने शंभरांत सुमारे 78 वेळा बरोबर सांगितले. नाणे उडवून सांगणारा 50 वेळा बरोबर येतोच, हे लक्षात घेता हे यश सामान्य नव्हे. तथापि त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. समजा, हजार मुलांपैकी तीस पुढे आजारी पडणार आहेत. पट्टीने दोनशे मुले धोक्याची ठरविली आणि त्या तिसांपैकी वीस जण त्यांत आले. तरीही एकशे ऐंशी मुलांच्या कपाळी विनाकारण शिक्का बसला, आणि दहा मुले निसटली ती निसटलीच. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पण व्यवहार असाच आहे. पट्टी समुदायाविषयी बोलते. व्यक्तीविषयी ती फार तर कुजबुजते. शिवाय हीच पट्टी ब्रिटन व न्यूझीलंड येथील तरुणांस लावून पाहता तिचा अचूकपणा बराच घसरला. एका मातीत मुरलेले माप दुसऱ्या मातीत जसेच्या तसे चालत नाही. ब्राझीलमध्ये 'वर्ण' या कलमात जे सामावते, त्यासाठी आपल्याकडे 'जात' हा शब्द लिहावा लागेल; आणि तो लिहिला तरी त्याचे खरे उत्तर कितीजण देतील?

मग आपल्याकडील मापे काय सांगतात? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत मनोविकारांचे प्रमाण 7.3 टक्के आढळले. या पाहणीसाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपला शेजारी गोवा घ्यावा, तर तेथील बारा ते सोळा वर्षांच्या 2048 मुलांच्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हेच प्रमाण 1.81 टक्के निघाले. दोन पाहण्यांत चौपट अंतर पडावे, याचा अर्थ गोव्याची मुले चौपट सुखी आहेत असा कोणी करू नये. कोणी, कोणत्या भाषेत, कोणासमोर विचारले, यावर उत्तर पालटते.

गोव्याच्या या पाहणीतील दुसरा निष्कर्ष मध्यमवर्गीय वाचकाच्या विशेष आवडीचा ठरेल. मेजवान्या, सिनेमा, हौसेची खरेदी, मित्र वा मैत्रीण असणे, अशा 'अपरंपरागत' राहणीचा मनोविकारांशी संबंध आढळला. 'पाहा, आम्ही सांगत नव्हतो?' असे म्हणून कित्येक पालक येथेच वाचन थांबवितील. त्यांनी पुढची ओळही वाचावी. राहत्या परिसरातील असुरक्षितता, अभ्यासातील अडचणी, आणि मुलगी म्हणून मिळणारी दुजाभावाची वागणूक यांचाही तसाच संबंध त्या पाहणीत दिसला. आणि ज्यांना मुख्य आधार कुटुंबाचा वाटत होता, त्यांच्यात विकार कमी आढळले. एकाच वेळी केलेल्या पाहणीवरून कारण कोणते व परिणाम कोणता हे ठरत नाही. सिनेमाने मुलगा बिघडला, की घरात श्वास कोंडतो म्हणून तो सिनेमाला गेला, हे आकडा सांगू शकत नाही. आपल्या मतास सोयीचे तेवढे वेचणे हा टीकेतला दोष आहे, तसा तो पालकत्वातलाही आहे.

भाषेची अडचण तर याहूनही खोल आहे. शिरोळसारख्या गावातला मुलगा 'मी उदास आहे' असे वाक्य सहसा उच्चारीत नाही. तो म्हणतो, 'मन लागंना', 'डोकं उठलंय', 'काय करू वाटंना'. मुलगी म्हणते, 'पोटात कसंतरी होतंय'. कित्येकदा तर तो काहीच म्हणत नाही. ताट सरकवितो, धाकट्यावर खेकसतो. लहान वयात या विकाराचे रूप उदासीऐवजी चिडखोरपणाचे असू शकते, हे वैद्यांनाही मान्य आहे. ज्याला आपण उर्मट म्हणून दटावतो, तो कदाचित दुःखी असेल. तसेच कृष्णा-पंचगंगेच्या काठी 2005, 2019 व 2021 साली महापूर येऊन गेले. दप्तर, गोठा व उभा ऊस पाण्यात गेलेला ज्याने पाहिला, त्या मुलास पेलोटासच्या अकरा प्रश्नांपैकी एकही पुराविषयी विचारीत नाही. विचारणार तरी कसा? शिरोळची मोजपट्टी शिरोळातच तयार झाली पाहिजे.

या ठिकाणी वाङ्मयाची साक्ष काढणे उचित होईल. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' 1963 साली प्रसिद्ध झाली. तिचा पंचवीस वर्षांचा नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्यास शिकावयास येतो आणि सर्व गमावून गावी परततो. एखाद्या पात्रास रोगी ठरविणे हा टीकेचा धर्म नव्हे. परंतु त्यास हे अकरा प्रश्न विचारले असे कल्पून पाहावे. बापाशी बेबनाव आहे, परीक्षेतील अपयश आहे, गर्दीतला एकटेपणा आहे. पट्टी काही गुण देईल. पण त्या कादंबरीच्या मध्यभागी जी जखम आहे, त्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूस या पट्टीत रकानाच नाही. कादंबरी एका मनुष्याविषयी सर्व सांगते व उपाय सांगत नाही. पट्टी उपायाची दिशा दाखविते, पण मनुष्य तिच्या हातून निसटतो. सुशिक्षित घराने दोन्ही वाचावी. 'कोसला' वाचून विषादास तत्त्वज्ञानाचा डौल देणारे तरुण पुष्कळ भेटतात. त्यांस एवढेच सांगावेसे वाटते की कादंबरीतील दुःख सुंदर असू शकते. खाटेवर पडलेल्या मुलाचे दुःख सुंदर नसते आणि ते उपचाराने हलके होऊ शकते.

हा केवळ धीराचा शब्द नव्हे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत विषादाने ग्रासलेल्या 495 प्रौढांवर झालेला प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाला. मनोविकारांचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना थोडे शिकवून तयार केले होते. ते सहा ते आठ बैठकांत रुग्णाशी बोलत आणि त्याच्या दिवसात लहान लहान अर्थपूर्ण कामे परत आणीत. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी 64 टक्के विकारमुक्त झाले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. हा प्रयोग प्रौढांवरचा आहे, किशोरांवरचा नव्हे, हे विसरू नये. आणि विकार तीव्र असता वैद्याचे साहाय्य घेण्यात क्षणाचाही विलंब करू नये. 2022 पासून 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तथापि या प्रयोगाचे सार कोणत्याही घरास उमगण्यासारखे आहे. नियमाने कोणी तरी जवळ बसले, आणि ऐकले.

शिरोळ तालुक्यातच खिद्रापूर येथे कोपेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. सतीच्या देहत्यागानंतर दुःखाने व कोपाने जळणारा शिव येथे येऊन राहिला, अशी कथा सांगतात. गाभाऱ्यात त्याच्या शेजारी दुसरे एक लिंग आहे, धोपेश्वराचे; तो विष्णू, शिवाचा कोप शमविण्यासाठी येऊन बसलेला. समोर नंदी नाही. ज्यांनी ही कथा रचिली त्यांच्यापाशी कोणतीही मोजपट्टी नव्हती. परंतु शोकाने पेटलेल्या देवालाही एकटे ठेवू नये, एवढे त्यांना ठाऊक होते. आपण सुट्टीत मुलांना ते कोरीवकाम दाखवावयास नेतो. त्या दुसऱ्या लिंगापाशी क्षणभर अधिक थांबलो, तर घरी परतताना कदाचित आपणच काही निराळे विचारू.